दोनशे अडतिसावी ओळ

यंदा आजोबांनी पानं ओढायला नवं दाताळं आणलं आहे. सकाळी चहा झाला की ते मागच्या अंगणात उतरतात, मेपलची पानं ओढून कुंपणाशी ढीग लावतात आणि जेवायला आत येतात. जेवण होईपर्यंत वारा तो ढीग पुन्हा अंगणभर वाटून टाकतो. “या वाऱ्याला तुझ्या हाताखाली नोकरीला ठेवायला हवं होतं,” ते म्हणतात. “आठ दिवसांत सरळ झाला असता.”

ईरा, निहार, तुमच्याकडे पुण्यात आत्ता ऑक्टोबर हीट, पंखा पाचवर. इथे शिकागोजवळ नेपरव्हिलला सकाळी गवताच्या टोकांवर पांढरा बर्फाळ थर असतो आणि दहाच्या सुमाराला असं स्वच्छ ऊन पडतं की समोरच्या घराच्या विटा इथून मोजाव्यात. झाडं आधी पिवळी होतात, मग नारिंगी, मग एखादं झाड एका रात्रीत इतकं लाल होतं की सकाळी पडदा सरकवल्यावर हात तसाच पडद्यावर राहतो. इतकी वर्षं पाहते आहे, अजून सवय झाली नाही. आणि दर ऑक्टोबरात या लाल झाडांच्या मागोमाग मला एका तळघराचा वास येतो. सांडलेली बिअर, लिंबाच्या वासाचं फिनेल, ओले मोजे आणि जुना कागद.

त्या तळघराचा विषय गेल्या रविवारच्या कॉलवर निघालाच. निहार म्हणाला, “आजी, बाबा सांगत होता तू एका फ्रॅटमध्ये काम केलंयस. म्हणजे मूव्हीतलं फ्रॅट? पार्टीवालं? यार आजी!”

मागून ईरा ओरडली, “आजी आणि फ्रॅट? नो वे!”

“मी तळघरात होते,” मी म्हटलं. “पार्ट्या वरच्या मजल्यावर व्हायच्या.”

तेवढ्यात तुमच्या क्लासची वेळ झाली. राहिलेलं लिहून पाठवते म्हणाले होते, ते हे.

इथल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे बंधुसंघ असतात, त्यांना फ्रॅटर्निटी म्हणतात. दारावर दोन-तीन ग्रीक अक्षरं. गावोगावच्या विद्यापीठांत शाखा, त्या शाखेला म्हणायचं चॅप्टर. चॅप्टरचं स्वतःचं घर असतं, त्यात मुलं एकत्र राहतात, एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणतात. ऑक्टोबरात नवी मुलं घेतात. जुन्या मुलांनी आधी मत द्यायचं, आणि मग एका शनिवारी दुपारी नव्या मुलांनी एका जाडजूड वहीत ओळीनं सह्या करायच्या. प्रत्येक ओळीला नंबर. तो नंबर मग जन्मभर त्या मुलाचा. मला असे सत्तरीचे गृहस्थ भेटलेत की बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण नंबर झोपेतून उठवून विचारा.

सिनेमात तुम्ही पाहिलंत तेही खोटं नाही. दारू, दंगा, नव्या मुलांचा छळ, सगळं होतं आणि आहे. मी त्यांचं वकीलपत्र घेतलेलं नाही.

तेव्हा आम्ही इथून दीड-दोन तासांवर, मक्याच्या शेतांत वसलेल्या एका विद्यापीठाच्या गावात राहायचो. आजोबा स्टॅटिस्टिक्स शिकवायचे, मी ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांच्या विभागात होते. तिथला एक नियम लक्षात ठेवा, पुढे लागेल. आमच्या खोलीत पेन चालत नसे. पेन दाराबाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल. आणि एकदा एखादा कागद आमच्या ताब्यात आला की त्यावर कुणीही एक अक्षर लिहायचं नाही. हा नियम मी वीस वर्षं इतका कडक पाळला की प्राध्यापक मंडळी मला पाहून खिसे चाचपायची.

माझ्या निवृत्तीला एक ऋतू उरला होता. त्या सप्टेंबरात एका जुन्या चॅप्टरचं घर पाडायचं ठरलं. छप्पर गळत होतं, मुलं लहान जागेत जाणार होती. त्यांच्या सह्यांच्या वहीची शिवण सुटत आली होती. ऑक्टोबरातल्या शनिवारी तिच्यात शेवटच्या सह्या होतील, सोमवारी ती बाकीच्या कागदांबरोबर आमच्याकडे जमा होईल, पुढच्या वर्षापासून मुलांना नवी वही, असं ठरलं. तोवर त्यांच्या तळघरात बसून सगळ्याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

भिंतींवर फोटोंच्या फळ्या होत्या. वर्षाला एक फळी, तिच्यावर त्या वर्षाच्या प्रत्येक मुलाचा अंड्याच्या आकाराचा छोटा फोटो. एका टोकाकडून चालत निघालं की आधी ताठ कॉलर आणि तेल लावून पाडलेले भांग, मग जाड चष्मे, मग खांद्यापर्यंत केस, मग पुन्हा आखूड केस. कपडे बदलत होते पण वय बदलत नव्हतं. कुठल्याही फळीसमोर थांबा, समोर एकोणीस-वीस वर्षांची मुलंच. शेवटच्या काही फळ्यांवर काळे-सावळे चेहरे होते, एक पटेलही होता. त्याच्या आधीच्या लांबच लांब भिंतीवर एकही नव्हता. हे माझ्या लगेच लक्षात आलं. आमच्यासारख्यांच्या येतंच.

चॅप्टरचा इतिहास सांभाळायला एक मुलगा नेमलेला असे. त्या वर्षी तो ब्रेंडन होता, लालसर दाढीचा, टोपी कायम उलटी. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या खुर्चीवर सोफ्याची उशी आणून ठेवली आणि म्हणाला, “मॅम, त्या फ्रिजला हात लावू नका. त्यात काय आहे ते आम्हालाही माहीत नाही.”

मी वहीतली नावं क्रमानं टाइप करत गेले. दोनशे सदतीसनंतर एक ओळ कोरी होती. डावीकडे दोनशे अडतीस हा आकडा, पुढे काहीच नाही. मग दोनशे एकोणचाळीस आणि पुन्हा नावं. जुन्या नोंदवह्यांत अशा चुका पुष्कळ सापडतात. कारकुनाचं लक्ष उडतं, ओळ सुटते. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मसाल्याच्या डब्यात एक वाटी रिकामी असली तरी मला झोप लागत नाही. मी ती फट बुजवली. दोनशे एकोणचाळीसला दोनशे अडतीस केलं, आणि तिथून शेवटपर्यंत सगळ्यांना एकेक घर वर सरकवलं. प्रत्येकाच्या कागदांच्या पाकिटावर पेन्सिलीनं नवे नंबर घातले. तीन दिवस लागले. मला फार समाधान वाटलं.

ब्रेंडन यादी चाळायला लागला, आपल्या नंबरपाशी थांबून हसला. “मॅम, माझाच नंबर चुकलाय.” मग तो पानं मागे उलटत गेला आणि त्याचं हसू गेलं. “तुम्ही दोनशे अडतीस बंद केलात?”

“बंद नाही, दुरुस्त केला. ती चूक होती.”

“नाही मॅम. ती ओळ बंद नाही करायची. तिला पेन देतात.”

“कुणाला देतात?”

“त्या ओळीला.”

मग त्यानं मला त्यांचा शनिवार समजावून सांगितला. सह्या करायच्या आधी वही त्या जुन्या पानावर उघडायची. सगळ्यांनी उभं राहायचं. पेनचं टोपण काढून पेन दोनशे अडतिसाव्या ओळीवर ठेवायचं. एक मिनिट कुणी बोलायचं नाही. मग पेन उचलून वही शेवटच्या पानावर न्यायची आणि नव्या मुलांनी सह्या करायच्या.

“का पण?”

“असंच करतात, मॅम.”

मी जिना चढून वर गेले आणि भेटेल त्याला विचारलं. एक म्हणाला, तो मुलगा युद्धात गेला. एक म्हणाला, पेनची शाई उतरायला वेळ देतात. तिसरा दूध-कॉर्नफ्लेक्सच्या वाडग्यातून मान वर न काढता म्हणाला, “लकसाठी. एका वर्षी केलं नाही तर घर जळेल.”

घराला आग लागण्याआधी ते पाडलंच जाणार होतं, पण ते राहू दे.

कारण सापडलं ते सभांच्या इतिवृत्तांच्या एका वहीत. पन्नास वर्षांहून जुनी, उंदरांनी कोपरे खाल्लेली वही. ब्रेंडन आणि मी टेबलाच्या दोन बाजूंना बसून वाचत होतो. त्या वर्षी मुलांनी एकमतानं एका विद्यार्थ्याला घेतलं होतं. नाव मिस्टर हॉलिस, शिकागोच्या दक्षिण भागातला, संगीत शिकायला आलेला, वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवणारा. सह्यांच्या दिवशी सकाळी त्यांच्या मुख्य कचेरीचं पत्र आलं. संघाच्या घटनेत कलम होतं, सभासद गोराच हवा. हा मुलगा काळा होता.

खाली त्या वर्षीच्या सेक्रेटरीनं लिहिलं होतं. अक्षर लहान मुलासारखं, दोन ठिकाणी शाई सांडलेली. “त्याचं नाव लिहिलं तर ते आपला चॅप्टर काढून घेतील. पण त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहायला ते आपल्याला भाग पाडू शकत नाहीत. ठराव: ही ओळ त्याची. दर वर्षी नवीन कुणी सही करण्याआधी पेन पहिल्यांदा त्याला द्यावं. तो येईपर्यंत.”

तळघरातला बॉयलर घुरघुरत होता. वर कुणीतरी बास्केटबॉल आपटत होतं. ब्रेंडननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मुलांनो, माझे बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, नागपूरला कॉलेजात होते तेव्हा हॉस्टेलच्या मेसमध्ये त्यांना आपल्या जातीमुळे पंगतीत बसू देत नसत. त्यांचं ताट दाराशी भिंतीला टेकवून उभं ठेवलेलं असे. ते याबद्दल एकदाच बोलले, माझी लायब्ररी सायन्सची ॲडमिशन झाली त्या दिवशी, इंदोऱ्याच्या वस्तीतल्या आमच्या ओट्यावर बसून. म्हणाले, “इंग्रजी पक्कं कर. नकाराचं पत्र कोणत्याही भाषेत आलं तरी ते वाचता आलं पाहिजे.” मी इंग्रजी पक्कं केलं. नोकरीत जन्मभर कागद हाताळले आणि त्यांत नकाराचे कागद पुष्कळ वाचले. जागा नाकारल्याचे. पण नाकारलेल्या माणसाची जागा राखून ठेवल्याचा कागद माझ्या हातात आला तो हा पहिलाच. आणि तो लिहिणारा बहुधा दाढीही रोज न करणारा पोरगा. त्यानंतरची मुलं दर चार वर्षांनी बदलत गेली. ते कलम पुढे रद्द झालं, मुलं कारण विसरली, नाव विसरली, आणि तरी दर ऑक्टोबरात कुणीतरी पेनचं टोपण काढत राहिलं. रीत ही गोष्ट मी फार वेळा बाहेर ठेवणारी म्हणून पाहिली आहे. ती अशी आंधळेपणानं कुणाची वाटही पाहू शकते, हे मला त्या तळघरात कळलं. आणि ती ओळ मी तीन दिवस बसून, खुशीनं बुजवली होती.

घरी येऊन आजोबांना सांगितलं. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, “ओळ सोडली खरी. संघ सोडला का एकानं तरी?”

“एकोणीस-वीस वर्षांची मुलं होती हो.”

“तोही एकोणीसचाच होता.”

दोन्ही खरं आहे. तुम्ही मोठे झालात की दोन्ही एकदम हातात धरायला शिका, जड जातं.

दुसऱ्या दिवशी मी खोडरबर घेऊन बसले. पाकिटांवरचे नंबर एकेक करून पुसले आणि मुळातले घातले. ब्रेंडन शेजारी बसून खोडरबराचा चुरा फुंकायचा. विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्यानं मिस्टर हॉलिस शोधून काढले. ते दोन तासांवर राहत होते, शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेले. इतिवृत्तं सगळी चाळली, पण ती ओळ राखल्याचं त्यांना कुणी कधी कळवल्याचा कागद सापडला नाही. पन्नासच्या वर वर्षं ही मुलं एका माणसाला पेन देत होती आणि त्या माणसाला पत्ता नव्हता.

मी पत्र लिहिलं. इतिवृत्ताची प्रत जोडली. सह्यांचा शनिवार तीन आठवड्यांवर होता. सोमवारी वही माझ्या खोलीत आली की तिच्यात कुणालाही सही करता येणार नव्हती, मिस्टर हॉलिसनाही नाही, आणि त्यांना अडवणारी मीच असणार होते.

उत्तर आलं नाही. पहिल्या आठवड्यात झाडं पिवळी झाली. दुसऱ्यात नारिंगी. ब्रेंडन रोज तळघराच्या जिन्यावरून वाकून विचारायचा, “एनी मेल, मॅम?” मी मान हलवायची. एकदा तो म्हणाला, “मी फोन करू?” मी म्हटलं, नको. एकदा दार लावलंय त्यांच्या तोंडावर. आता दार आपण उघडायचं, ओढून आत नाही आणायचं.

शनिवारी तीनला सह्या होत्या. अडीच वाजता मुलं ब्लेझर घालून पायऱ्यांवर उभी होती. नवी नऊ. एकाच्या टायची गाठ मी सोडून पुन्हा बांधली. तीनला दहा कमी असताना एक छोटी निळी गाडी आली. त्यांची नात गाडी चालवत होती. शेजारून एक उंच म्हातारे गृहस्थ उतरले, लांब कोट, हातात काठी. पानांचा खच तुडवत ते पायऱ्यांपर्यंत आले आणि खालच्या पायरीशी थांबले. बराच वेळ. मग वर आले.

“मिसेस मेश्राम तुम्हीच ना?” ते मला म्हणाले. “तुमच्या पत्राला तीन तळटीपा होत्या. तळटीपांचं आमंत्रण मला आजवर कधी आलं नव्हतं.”

दिवाणखान्यात वही उघडली. सगळे उभे राहिले. ब्रेंडननं टोपण काढलं आणि पेन ओळीवर ठेवलं. नेहमीचं मिनिट सुरू झालं, पण या वेळी तो माणूस समोर उभा होता. खिडकीबाहेर पानं पडत होती, त्यांचाही आवाज येत होता असं मला वाटलं.

“हे दर वर्षी करता?” त्यांनी विचारलं.

“मी आल्यापासून एकदाही चुकलं नाही, सर. त्याआधीचं माहीत नाही.”

“का करता ते माहीत नव्हतं?”

ब्रेंडन लाल झाला. “नो, सर. आम्हाला वाटायचं लकसाठी.”

मिस्टर हॉलिस हसले. छाती भरून, काठीवर वाकून हसले. “या घरानं मला बरंच काही म्हटलं असेल,” ते म्हणाले. “लक म्हटल्याचं माहीत नव्हतं.”

त्यांनी पेन उचललं. ओळीवर बोट ठेवलं, डावीकडून उजवीकडे नेलं, जणू तिथं काही वाचायचं होतं. मग बोट काढलं. वहीची पानं उलटली, एकेक, घाई न करता, शेवटच्या पानापर्यंत. पेन पहिल्या नव्या मुलाच्या हातात दिलं आणि स्वतः जाऊन नवव्या मुलाच्या मागे रांगेत उभे राहिले.

“सर, तुमची ओळ...” ब्रेंडन म्हणाला.

“मी आजच आलोय ना? नवा मुलगा शेवटी सही करतो.”

“मग ती?”

“तिला हात लावू नका. माझ्यावर निदान मत तरी झालं होतं. माझ्या वसतिगृहात माझ्यासारखे आणखी तिघे होते. त्यांना या घराच्या पायऱ्याही चढता आल्या नाहीत. ती त्यांची असू दे.”

नऊ सह्या झाल्या. दहावी त्यांनी केली, सावकाश, आणि शाई वाळेपर्यंत वाकून फुंकर घातली. मग ब्रेंडन त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेला, ब्रदर लोकांचा गुप्त हस्तांदोलनाचा प्रकार शिकवायला. तो मला कुणी दाखवला नाही. सभासद पुरुषच हवा, हे कलम अजून शाबूत आहे. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता, तेवढा मात्र ऐकला.

सोमवारी वही आमच्या विभागात आली. मी शिक्का मारला, नोंद केली आणि पेटीवर पेन्सिलीनं माझ्या नोकरीतली शेवटची सूचना लिहिली. “दोनशे अडतिसावी ओळ मुद्दाम कोरी आहे. बुजवू नये. दर ऑक्टोबरात सह्यांच्या शनिवारी हे पान उघडावं.” पुढे पेनबद्दल लिहायचं होतं, आणि माझाच नियम आडवा आला. थोडा विचार केला आणि लिहिलं, “पेन्सिल ठेवावी. एक मिनिट थांबावं.”

मिस्टर हॉलिस आता नाहीत. ते घरही नाही, तिथं गाड्या लावायची जागा आहे. माझ्या जागेवर एमिली नावाची मुलगी आली, तिनं ती सूचना वाचली आणि मला एकदाही काही न विचारता पाळायला लागली. दर वर्षी तिच्याकडून एक फोटो येतो. सोबत मजकूर नसतो.

काल शनिवार होता. आजोबा बाहेर वाऱ्याशी भांडत होते आणि माझा फोन वाजला. तेच पान. वर दोनशे सदतीसची लफ्फेदार सही, खाली दोनशे एकोणचाळीसची, मध्ये कोरी ओळ आणि तिच्यावर आडवी ठेवलेली पेन्सिल. मी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला. पेन्सिलीला ताजं टोक काढलेलं होतं.